एक बिघाड आणि तीन जॉब: ब्रेकडाउन मेंबरशिपचं एक प्रकरण

ब्रेकडाउन कव्हरची, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवणाऱ्या सेवेची, मेंबरशिप घेताना जो तो एकच विचारतो, फोन केल्यावर किती वेळात येणार. कंपनीही तेच मोठ्या अक्षरात सांगते, आणि नंतर कोणाला किती ताटकळावं लागलं त्यावरून लोक चांगलं-वाईट ठरवून मोकळे होतात. माझं म्हणणं असं आहे की किती वेळ लागला हे शेवटी दिसतं, पण त्याचा निकाल पहिल्या फोनवर पहिल्या चार-पाच मिनिटांतच लागलेला असतो, समोरचा माणूस काय विचारतो आणि जॉबशीटवर, म्हणजे मदतीला जाणाऱ्याला मिळणाऱ्या कामाच्या नोंदीत, काय लिहून पुढे पाठवतो त्यावर. एका प्रकरणात हे इतकं स्वच्छ दिसलं की ते सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं. प्रकरण माझ्या मावसबहिणीचं, मी तिला ताई म्हणतो. तक्रार लिहायला मी तिच्याबरोबर बसलो होतो, त्यामुळे कॉलच्या वेळा, आलेले मेसेज, मेंबरशिपच्या अटी आणि नंतर मागवलेलं कॉल रेकॉर्डिंग हे सगळं मी स्वतः बघितलंय, ऐकलंय. कंपनीचं नाव घेत नाही कारण हे त्याच एका कंपनीत होतं असं अजिबात नाही.

गाडी आणि कव्हर

गाडी सहा वर्षं वापरलेली, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, आणि हँडब्रेकचा दांडा नसून बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेली. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झालाय.

मेंबरशिप मधल्या दर्जाची होती. जागेवर येऊन दुरुस्ती, नाही जमलं तर टोइंग, टोइंग ५० किलोमीटरपर्यंत आणि तेही ‘दुरुस्ती करू शकणाऱ्या जवळच्या गॅरेजपर्यंत’, वर्षाला ४ सेवा. पुढच्या प्रवासाची सोय, म्हणजे बदली गाडी, टॅक्सी किंवा रात्रीचा मुक्काम, यात नव्हती, त्यासाठी वरचा दर्जा घ्यावा लागतो. आणि कव्हर गाडीचं होतं, माणसाचं नाही.

हा गाडी की माणूस फरक बऱ्याच लोकांना माहीतच नसतो. अमेरिकेतली एएए ही मोटारवाल्यांची संस्था १९०२ मध्ये सुरू झाली, तिची मेंबरशिप माणसाची असते, तुम्ही मित्राच्या गाडीत बसलेले असलात आणि ती बंद पडली तरी तुमच्या कार्डावर मदत मिळते. उलट इन्शुरन्सला जोडून किंवा नव्या गाडीबरोबर जे कव्हर मिळतं ते बहुतेक वेळा त्या एका गाडीचं असतं, मग चालवणारा कोणी का असेना. दोन्हीत वाईट काही नाही, पण घरात दोन गाड्या आणि चार चालवणारे असले की हिशोब एकदम बदलतो. तसंच ब्रिटनमध्ये नेहमीचं बेसिक कव्हर घेतलं तर घरापासून पाव मैलाच्या आत बंद पडलेल्या गाडीला मदत येत नाही, त्यासाठी वेगळा पर्याय जोडून घ्यावा लागतो, आणि सकाळी बॅटरी डाऊन होते ती तर बहुतेक घरासमोरच. असल्या अटी घेताना कोणी वाचत नाही आणि गरज पडते तेव्हा वाचायच्या मनःस्थितीत कोणी नसतं. ताईने वाचल्या होत्या, बऱ्यापैकी नीट वाचल्या होत्या, तरी जे व्हायचं ते झालं, म्हणून हे प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

काय झालं

शनिवारची संध्याकाळ, हायवे, पाऊस. गाडीत ताई, तिच्या सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. घर अजून ऐंशी-एक किलोमीटर लांब. चालत्या गाडीत डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला, थोड्या वेळाने हेडलाइट मंद झाल्यासारखे वाटले, वायपर संथ झाले, मग एकामागून एक वॉर्निंगचे दिवे लागायला लागले आणि स्टीअरिंग जड झालं. तिने गाडी कडेच्या रुंद शोल्डरवर घेतली, हॅजर्ड लाइट लावले आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं. परत स्टार्ट मारला तर नुसतं टकटक.

तिने केलेली एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे आधी माणसं बाहेर काढली. पाऊस होता, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणत होत्या मी आतच बसते, पण तिने त्यांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरवलं, क्रॅश बॅरियरच्या पलीकडे नेलं, छत्री दिली, आणि मग फोन लावला. बंद गाडीत बसून राहणं हा हायवेवर फार मोठा धोका आहे, मागून येणाऱ्याला अंधारात आणि पावसात उभी गाडी चालती वाटते. वॉर्निंग ट्रँगलबद्दल मात्र सरसकट एक नियम सांगता येत नाही, ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये साध्या रस्त्यावर तो गाडीच्या मागे निदान ४५ मीटरवर ठेवायला सांगितलंय आणि मोटरवेवर मात्र अजिबात ठेवू नका असं सांगितलंय, कारण तिथे ठेवायला चालत जाणंच जिवावर बेतू शकतं.

पहिला कॉल ७.२८ ला. रेकॉर्डिंगमधला महत्त्वाचा भाग साधारण असा आहे.

“मॅडम, गाडीला काय झालंय?”

“चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला, मग सगळं मंद झालं आणि बंद पडली. आता स्टार्ट होत नाहीये.”

“म्हणजे बॅटरीचा प्रॉब्लेम. ठीक आहे मॅडम, मेकॅनिक पाठवतो, जम्प स्टार्ट करून देईल. तुम्ही सुरक्षित जागी आहात ना?”

“हो, बॅरियरच्या मागे आहोत. पण माझ्याबरोबर सासूबाई आहेत, त्यांचं वय झालंय, आणि लहान मुलगा आहे.”

“हो मॅडम, लवकरात लवकर पाठवतो. लोकेशनची लिंक पाठवलीय, त्यावर क्लिक करा.”

बस. एवढंच. गाडी ऑटोमॅटिक आहे का, ऑल व्हील ड्राइव्ह आहे का, कुठल्या दिशेने चालला होतात, काहीही विचारलं नाही. सासूबाई आणि मुलाची नोंद जॉबशीटवर आलीच नाही, हे नंतर कागद मिळाल्यावर कळलं.

मेकॅनिक ८.४० ला पोचला. वाटेत त्याची वीस-एक मिनिटं वाया गेली कारण लिंकवरचा ठिपका समोरच्या बाजूच्या लेनवर पडला होता, तो पलीकडे येऊन गाडी शोधत राहिला आणि मग पुढचा यू-टर्न घेऊन परत आला. माणूस मात्र कामाचा होता. त्याने बूस्टर, म्हणजे बाहेरून वीज देणारी बॅटरी, लावून गाडी सुरू केली, बूस्टर काढला आणि मीटर लावून बघितलं. इंजिन चालू असताना चार्जिंग नीट होत असेल तर व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसतं, इथे ११.९ होतं आणि हळूहळू खाली चाललं होतं. तो लगेच म्हणाला, “ताई, बॅटरीचा दोष नाही, अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. अशीच काढलीत तर थोडं पुढे जाऊन परत बंद पडेल, आणि मग कुठे पडेल सांगता येत नाही.” अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग. रात्रीचे लाइट, वायपर, इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप, इलेक्ट्रिक स्टीअरिंग हे सगळं नुसत्या बॅटरीवर फार वेळ चालत नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण त्याच्याकडे टोइंगची गाडी नव्हती. त्याने ९.०५ ला ऑफिसला कळवलं, टोइंग पाठवा, आणि त्याला दुसरा कॉल होता म्हणून तो निघून गेला.

आता इथे जे झालं ते ताईला त्या वेळी कळलंच नाही. तिला वाटलं आपलं काम पुढे सरकलं. प्रत्यक्षात कंपनीच्या सिस्टिममध्ये पहिला जॉब ‘पूर्ण’ म्हणून बंद झाला आणि टोइंगचा नवा जॉब उघडला, आणि तो रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन बसला. दीड तास थांबलेली बाई पुन्हा शून्यावर.

१०.२५ ला टो ट्रक आला, पण तो होता व्हील लिफ्ट, म्हणजे पुढची दोन चाकं उचलून मागची दोन रस्त्यावर फिरत नेणारा. ताईने ग्लोव्ह बॉक्समधलं गाडीचं मॅन्युअल काढून मोबाइलच्या उजेडात दाखवलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की चारही चाकं जमिनीपासून वर असल्याशिवाय ही गाडी टो करू नये. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, काही होत नाही, आम्ही रोज नेतो अशा गाड्या, न्यूट्रलला टाकली की झालं.” ती म्हणाली, “दादा, तुमच्यावर माझा राग नाही, पण मी सही करणार नाही.” त्यावर तो ऑफिसशी बोलला, आणि ‘ग्राहकाने सेवा नाकारली’ असा शेरा मारून जॉब बंद झाला. हा शेरा मी कागदावर बघितला तेव्हा खरंच संताप आला.

तिचं नाकारणं का बरोबर होतं ते सांगतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप नेहमीच्या रचनेत इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून ताकदीची चाकं रस्त्यावर फिरवली की गिअर फिरतात पण तेल पुरेसं पोचत नाही, आतले भाग कोरडे घासून तापतात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तर पुढची चाकं स्थिर आणि मागची फिरती असली की पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर सगळा ताण येतो. न्यूट्रलला टाकून हे टळतंच असं नाही. इलेक्ट्रिक गाडीचं आणखी वेगळं, तिथे चाक फिरलं की बऱ्याच गाड्यांत मोटर उलटी जनरेटरसारखी वीज तयार करायला लागते, म्हणून त्यांनाही फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रकच, लागतो. अल्टरनेटर बदलणं हे काही तासांचं काम, पण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) किंवा गिअरबॉक्स गेला तर तो खर्च कितीतरी पटीने मोठा, आणि ट्रकच्या ड्रायव्हरने सही घेतलेली असते की गाडी मालकाच्या संमतीने उचलली.

तिसरा जॉब १०.४० ला नोंदला गेला, या वेळी तिने स्वतः ठासून सांगितलं, फ्लॅटबेडच पाहिजे. तो १२.१५ ला आला. तोवर बॅटरी पार झोपली होती, त्यामुळे नवी अडचण. इंजिन बंद पडल्यावर तिने पार्किंग ब्रेक लावला होता, तो सोडायला वीज लागते, गिअर ‘पी’मधून (पार्कमधून) काढायलाही वीज लागते, आणि बूस्टरवाला मेकॅनिक कधीच निघून गेलेला. नशिबाने फ्लॅटबेडच्या ड्रायव्हरकडे छोटा जम्प पॅक होता, त्याने वीज दिली, ब्रेक सुटला, गाडी न्यूट्रलला आली. त्याच्याकडे तो नसता तर चाकाखाली घसरत्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून ओढावी लागली असती, तेही करतात, पण ओल्या रस्त्यावर पावसात ते काम सोपं नाही. मग विंचची, म्हणजे गाडी ट्रकवर ओढून घेणाऱ्या यंत्राची, दोरी लावायला बंपरमध्ये पिळून बसवायचा हुक पाहिजे, तो डिकीच्या तळाशी टूलकिटमध्ये, आणि डिकीत तिघांचं सामान. गाडी चढायला १२.५० झाले.

आणि मग गॅरेज. कव्हर जवळच्या गॅरेजपर्यंतचं, ते वीस-एक किलोमीटरवर, पण शनिवारी मध्यरात्री कुठलं गॅरेज उघडं असतं? १.३५ ला तिथे पोचले तर गेट बंद, वॉचमन म्हणाला मी गाडी आत घेऊ शकत नाही. शेवटी ट्रकवाल्याने गाडी स्वतःच्या यार्डात ठेवली, ताईने टॅक्सी करून सासूबाई आणि मुलाला घरी नेलं. सोमवारी तीच गाडी यार्डातून गॅरेजला न्यायला आणखी एक टोइंग. गॅरेजने अल्टरनेटर बदलला, बाकी गाडी व्यवस्थित होती.

पहिल्या फोनपासून योग्य ट्रक येईपर्यंत पावणेपाच तास. आणि महिन्याच्या शेवटी कंपनीच्या अ‍ॅपवर दिसलं, ‘या वर्षातल्या शिल्लक सेवा: ०’. पहिला मेकॅनिक एक, व्हील लिफ्ट दोन, फ्लॅटबेड तीन, सोमवारचं टोइंग चार. एका बिघाडात अख्ख्या वर्षाची मेंबरशिप संपली.

चुकलं कुठे

बहुतेक लोक म्हणतील, ट्रक उशिरा आला. पण नीट बघितलं तर एकही गाडी स्वतःच्या जॉबला खूप उशिरा आलेली नाही. पहिला सव्वा तासाच्या आत, दुसरा एक तास वीस मिनिटांत, तिसरा दीड तासाच्या जरा पुढे. शनिवारची रात्र आणि पाऊस धरला तर यातला कुठलाच आकडा सुटा बघितला तर भयंकर नाही. भयंकर आहे ते हे की तीन वेळा थांबावं लागलं, आणि त्यातलं पहिल्यांदा सोडून बाकीचं सगळं टाळता येण्यासारखं होतं.

पहिला धागा त्या लाल दिव्याचा. गाडी चालू असताना बॅटरीच्या चित्राचा दिवा लागतो तो बॅटरी संपली म्हणून नाही तर चार्जिंग होत नाही म्हणून, म्हणजे अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग. ताईने पहिल्याच वाक्यात ‘चालता चालता’ असं सांगितलं होतं. निदान करायला लागणारी सगळी माहिती त्या वाक्यात होती, दिवा कधी लागला, मग काय मंद झालं, मग बंद कशी पडली. कॉल घेणाऱ्याने त्यातला एक शब्द उचलला आणि यादीतला ‘बॅटरी’ हा पर्याय निवडला.

त्या माणसाची बाजूही सांगितली पाहिजे. बॅटरी हे गाडी बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहेच, जर्मनीच्या एडीएसी या मोटारवाल्यांच्या संस्थेच्या ब्रेकडाउनच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत ४० टक्क्यांहून जास्त बिघाड बॅटरीचे असतात. आधी मेकॅनिक पाठवायचा आणि जागेवर जमतंय का बघायचं ही पद्धतही चुकीची नाही, खूप गाड्या अशाच सुटतात आणि टो ट्रक ज्याला खरंच पाहिजे त्याच्यासाठी मोकळा राहतो. त्यामुळे मेकॅनिक पाठवला याला माझा आक्षेप नाही. आक्षेप याला आहे की ‘चार्जिंगचा दोष असू शकतो, टोइंग लागू शकेल, गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, फ्लॅटबेडच’ हे एक वाक्य जॉबशीटवर असतं तर मेकॅनिक निघाला तेव्हाच फ्लॅटबेड कुठे मोकळा आहे याची चौकशी सुरू झाली असती. आणि गाडीचं मॉडेल, व्हेरिएंट, सगळं ताईने मेंबरशिप घेताना फॉर्ममध्ये भरलेलं होतं! कंपनीकडे माहिती होती. ती कॉल घेणाऱ्याच्या स्क्रीनवर होती की नाही देव जाणे, पण ट्रकवाल्याच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये फक्त एवढं होतं: एसयूव्ही, स्टार्ट होत नाही, टोइंग.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. एडीएसी किंवा ब्रिटनची एए यांच्यासारख्या जुन्या संस्थांकडे स्वतःचे मेकॅनिक आहेत, एए तर १९०५ ची, सुरुवात झाली ती रस्त्यावर वेग पकडायला बसलेल्या पोलिसांबद्दल मोटारवाल्यांना सावध करण्यापासून, मदतीचं काम नंतर वाढत गेलं. पण बऱ्याच मेंबरशिपमागे असं काही नसतं, कॉल सेंटर एकाचं आणि ट्रक गावोगावच्या कंत्राटदारांचे, ज्यांना प्रत्येक जॉबमागे पैसे मिळतात. अशा रचनेत जॉबशीट हाच एकमेव दुवा असतो. व्हील लिफ्टच्या ड्रायव्हरला मी दोष देत नाही, त्याला जेवढं सांगितलं तेवढं घेऊन तो पावसात आला, आणि रिकामा परत गेला तर त्याचाही धंदा बुडाला. त्याने “काही होत नाही” म्हणणं चूक, पण तिथपर्यंत त्याला चुकीचा पाठवला कोणी?

दुसरा धागा, जॉब बंद करून नवीन उघडायचा. हा मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. बिघाड तोच, जागा तीच, माणसं तीच, मग घड्याळ पुन्हा शून्यावर का? आतल्या हिशोबासाठी कंत्राटदारागणिक वेगळा जॉब नंबर लागत असेल, लागू दे, पण रांगेतली जागा पहिल्या फोनच्या वेळेनुसारच राहिली पाहिजे. आणि ताईला निदान सांगायला तरी पाहिजे होतं की आता नवीन जॉब सुरू झालाय, अंदाजे इतका वेळ. ते माहीत असतं तर तिने सासूबाईंना आणि मुलाला नऊ वाजताच टॅक्सीने पाठवून दिलं असतं, मध्यरात्रीपर्यंत पावसात उभं केलं नसतं. प्रत्येक वेळी “अर्ध्या तासात येतोय मॅडम” ऐकून माणूस तिथेच अडकून पडतो. खरा वेळ सांगितला, मग तो तीन तास का असेना, तर माणूस काहीतरी ठरवू शकतो.

तिसरा धागा गॅरेजचा, आणि इथे मात्र कंपनी अटींना धरूनच वागली. जवळचं गॅरेज म्हणजे जवळचं गॅरेज. पण रात्री दहानंतर किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी ‘जवळचं गॅरेज’ याचा अर्थ काय, बंद असलं तर गाडी कुठे ठेवायची, ठेवायचे पैसे कोणाचे, दुसऱ्या टोइंगचं काय, याबद्दल अटींमध्ये एक ओळ नाही. मेंबरशिप घेताना किलोमीटरचा आकडा सगळे बघतात, ५० की १००, पण तुम्ही सांगाल तिथे नेणार की ते ठरवतील तिथे, हा प्रश्न किलोमीटरपेक्षा मोठा आहे. ताईला घराजवळच्या ओळखीच्या गॅरेजला गाडी न्यायची मुभा असती आणि जास्तीच्या किलोमीटरचे पैसे भरायला सांगितले असते तर तिने आनंदाने भरले असते, कारण यार्ड, टॅक्सी आणि सोमवारचा अख्खा दिवस हे सगळं वाचलं असतं.

तक्रार

तक्रार लिहिताना आम्ही एक पथ्य पाळलं, रागाचं एकही वाक्य लिहिलं नाही. फक्त वेळा, आणि प्रत्येक वेळेसमोर पुरावा. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, मेसेज, मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो, व्हील लिफ्ट ट्रकचा ताईने त्या रात्री काढलेला फोटो (हा फार उपयोगी पडला), गॅरेजच्या बिलावरचं निदान. आणि कॉल रेकॉर्डिंगची मागणी. कंपनीने आधी ठरावीक माफीचा ईमेल पाठवला, ‘प्रतिकूल हवामानामुळे विलंब’, आम्ही परत लिहिलं की विलंबाची तक्रार नाहीच आहे, चुकीची गाडी पाठवल्याची आणि चार सेवा मोजल्याची आहे, कृपया पहिल्या कॉलचं दुसरं वाक्य ऐका. त्यानंतर प्रकरण वरच्या माणसाकडे गेलं, आणि त्याने रेकॉर्डिंग खरंच ऐकलं असावं कारण त्याचा सूरच वेगळा होता.

निकाल असा. चार सेवांऐवजी एकच धरली, बाकी तीन परत जमा केल्या. ‘ग्राहकाने सेवा नाकारली’ हा शेरा काढून ‘अयोग्य वाहन पाठवले’ असा केला, ज्याला पैशात काही किंमत नाही पण ताईला तो बदल सगळ्यात जास्त हवा होता. टॅक्सीचे पैसे नाकारले, पुढच्या प्रवासाचं कव्हर नव्हतंच, त्यामुळे यावर आम्ही वाद घातला नाही.

ताईने मेंबरशिप सोडली नाही, बऱ्याच जणांना याचं आश्चर्य वाटलं. तिचा विचार असा की दुसरीकडे गेलं तरी ट्रक त्याच कंत्राटदारांचे येणार, त्यापेक्षा जिथे आपली फाइल आहे तिथेच वरचा दर्जा घ्यावा. आता तिच्याकडे पुढच्या प्रवासाची सोय आहे, आणि ‘सांगाल त्या ठिकाणी’ टोइंग आहे. शिवाय तिने ईमेलने लेखी मागितलं की गाडीच्या रेकॉर्डवर ‘फक्त फ्लॅटबेड’ अशी कायमची नोंद करा आणि ती कंत्राटदाराला जाणाऱ्या मेसेजमध्ये दिसली पाहिजे. नोंद केल्याचं उत्तर आलंय. आणि पुढच्या वेळी फोनवर काय सांगायचं ते तिने ठरवूनच ठेवलंय: आधी रस्ता, दिशा आणि शेवटचा दिसलेला किलोमीटरचा दगड, मग बरोबर कोण आहे, मग गाडी ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, स्टेपनी नाही, आणि सगळ्यात शेवटी, “आता तुम्ही काय लिहून घेतलंत ते मला वाचून दाखवा.” हे शेवटचं वाक्य मला फार पटलं, मी पण माझ्या घरी सगळ्यांना तेच सांगितलंय.

यार्डात गाडी ठेवल्याचं भाडं आणि सोमवारच्या टोइंगला लागलेले वरचे पैसे यावर मात्र अजून उत्तर नाही. कंपनी म्हणते गॅरेज बंद असणं ही आमची जबाबदारी नाही, आमचं म्हणणं असं की पहिल्याच फेरीला फ्लॅटबेड आला असता तर गाडी रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला गॅरेजला पोचली असती, आणि ते गॅरेज शनिवारी दहापर्यंत उघडं असतं, तशी त्यांच्या गेटवर पाटीच आहे. त्या पाटीचा फोटो जोडून ताईने गेल्या आठवड्यात परत लिहिलंय.